ऊन पाणी

दिवाळीच्या तयारीची जी यादी मध्यम स्थितीतल्या गृहस्थाच्या घरी होते, तीत चकलीच्या भाजणीपासून दारावरच्या तोरणापर्यंत सर्व वस्तूंस स्थान मिळते; मात्र जिच्यावाचून सणाचा पहिला विधीच पार पडावयाचा नाही, त्या वस्तूचे नाव तीत सहसा सापडत नाही. ती वस्तू म्हणजे ऊन पाणी. आश्विन वद्य चतुर्दशीस सूर्य उगवण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाने तेल-उटणे लावून कढत पाण्याने न्हावे, आणि जो उजाडेपर्यंत अंथरुणात लोळेल त्याने नरकाची वाट धरावी, असा आपल्याकडे दंडक आहे. त्यातला नरकाचा भाग मनावर घेणे आमच्या पिढीने सोडले. पाण्याचा भाग काही सुटलेला नाही. लाडू थोडा कठीण झाला तर पाहुणा तो चहात बुडवून खातो आणि वर सुगरणीची स्तुतीही करतो. परंतु सर्वांगास तेल चोपडून पाटावर बसलेल्या पाहुण्याच्या तांब्यात जर गार पाणी आले, तर त्याच्या मुद्रेवर जे उमटते ते कोणत्याही शिष्टाचाराने झाकत नाही.

आमचा एक भाचा अमेरिकेच्या उत्तरेकडील एका शहरी असतो. नाताळच्या सुटीत त्याच्याकडे चार मंडळी राहावयास यावयाची असली म्हणजे नोव्हेंबरापासून त्याची धावपळ सुरू होते. तळघरातली भट्टी तपासून घेणे, तिची गाळणी बदलणे, खोल्याखोल्यांतून गेलेल्या नळांतली हवा काढणे, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे, ही कामे तो आम्हांस फोनवरून अशा गांभीर्याने सांगतो, की जणू एखाद्या किल्ल्यास वेढा पडावयाचा आहे. एकदा त्याने आम्हांस विचारले, "मामा, तुमच्याकडे पाहुण्यांसाठी घर तापवावयास काय करतात?" आम्ही म्हटले, "बाबा, आमच्याकडे घर तापवीत नाहीत, माणूस तापवतात." त्यास ती कोटी वाटली, पण आमच्या मते ते वस्तुस्थितीचे वर्णन होते. थंडीच्या दिवसांत आपण भिंतींवर एक काडीही खर्च करीत नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतो, म्हाताऱ्या माणसास दुहेरी गोधडी देतो, आणि पाहुण्यास कढत पाण्याची बादली देतो. त्या बादलीत पाहुण्याच्या वाट्याची सारी ऊब एकवटलेली असते; म्हणून ती चुकली तर भरपाईस दुसरे काही उरत नाही.

आमच्या शहरापुरते बोलावयाचे तर येथील जुन्या कारागिरांची सारी बुद्धी गारव्याच्या मागे लागलेली दिसते. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली आणि पुढे थोड्याच वर्षांत डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. त्याच खडकीचे पुढे औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून अधिकृत दप्तरात छत्रपती संभाजीनगर. येथील पाणचक्की पाहावयास आलेले लोक चक्की पाहतात, हौदातले मासे पाहतात आणि परततात. त्या हौदाचा तळ हाच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे, आणि डोक्यावर सदैव पाणी असल्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही थंड राहते, ही खरी पाहण्याजोगी युक्ती. ज्या मुलखात वर्षाचे आठ महिने सूर्याशी वैर, तेथे दोन महिन्यांच्या थंडीसाठी कोण भट्ट्या बांधणार? तथापि ते दोन महिने अगदीच नगण्य नाहीत. डिसेंबर-जानेवारीत येथे पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, आणि उत्तरेकडून लाट आली तर त्याहूनही खाली जातो. मुंबईची पाहुणेमंडळी स्वेटर म्हणजे काश्मीरला जाताना न्यावयाचा पदार्थ समजतात. त्यांना ही गोष्ट पहिल्या रात्रीच कळते.

दिवाळी थंडीत पडते की थंडीच्या आधी, हे पंचांगावर अवलंबून असते. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून नरक चतुर्दशी १२ नोव्हेंबरापर्यंत लांबली. २०२५ साली तीच २० ऑक्टोबरास उरकली. तीन आठवड्यांचा हा फरक तापमापकावर फारसा मोठा दिसत नसला, तरी पहाटे साडेचार वाजता न्हाणीघराच्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिलेल्या माणसास तो पुष्कळ जाणवतो.

पूर्वी ह्या सर्व प्रश्नास एकच उत्तर होते, ते म्हणजे बंब. ज्या तरुण वाचकांनी तो केवळ दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, कुंडीचे काम करीत असलेला पाहिला असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द लिहितो. तांब्याच्या उभ्या पिंपाच्या मधोमध एक नळकांडे असते. वरून त्यात बंबफोड टाकावयाची, खालच्या जाळीतून राख पडावयाची, आणि विस्तवाच्या सभोवार पाणी. चुलीवर हंडा ठेवला तर जाळाचा मोठा भाग हंड्याच्या कडेने निसटून जातो. बंबात जाळ पाण्याच्या पोटातच कोंडलेला, त्यामुळे तो निसटून जाईल कोठे? आगगाडीच्या जुन्या इंजिनात नळ्यांतून जाळ खेळवून भोवतालचे पाणी उकळीत, त्याच्याशी ह्या घरगुती पिंपाचे गोत्र जुळते. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यावर ठोका देऊन घडवलेले असे बंब मराठवाड्यातही येत. जळण मात्र ज्या त्या गावचे. आमच्या बाजूस कापसाच्या गतवर्षीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या ह्यांचा गंज मागच्या अंगणात रचलेला असे. त्या भरभर पेटत आणि भरभर विझत, म्हणून बंबापाशी एक माणूस सतत बसवावा लागे.

बंबाची तयारी दसऱ्यानंतर सुरू होई. नळकांड्यातली काजळी काठीला चिंध्या बांधून खरवडावयाची, तोटी गळते की काय ते पाहावयाचे, जाळी गंजली असल्यास लोहाराकडे न्यावयाची, आणि शेवटी चिंच व राख लावून बाहेरचे तांबे असे लख्ख करावयाचे, की न्हावयास आलेल्या पाहुण्याने त्यात आपले वाकडेतिकडे तोंड पाहावे. एक नियम मात्र मुलांस अक्षरओळखीच्या आधी शिकवला जाई: पाण्यावाचून बंब पेटवावयाचा नाही. रिकामा बंब पेटवला तर डाख सुटतो, सांधे उकलतात आणि ऐन सणात तांबटास शोधत फिरावे लागते. म्हणून जितके ऊन पाणी काढावयाचे तितके गार पाणी वरून ओतावयाचे. घेणाऱ्याने परत भरण्याचा हा व्यवहार ज्या घरात मुलांच्या अंगवळणी पडला होता, तेथे शेवटच्या माणसासही घंगाळेभर पाणी मिळे. मग विसण. कढत पाण्यात बेताने गार पाणी मिसळून ते अंगास सोसेलसे करणे, ह्यास एक स्वतंत्र शब्द असावा, ह्यावरून आपल्या पूर्वजांनी ह्या बाबीचा किती बारकाईने विचार केला होता ते दिसते.

आता बंबाची जागा विजेच्या गीझरने घेतली. तो धूर करीत नाही, राख करीत नाही, आणि त्याच्यापाशी कोणी बसावे लागत नाही. ह्यात सोय आहे, हे आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो. परंतु ज्यापाशी कोणी बसत नाही, त्याच्या सामर्थ्याची कोणास कल्पनाही राहत नाही. भिंतीवर एक पांढरी पेटी आहे, तोटी फिरवली की ऊन पाणी येते, तेव्हा नऊ माणसांसही येईल, असे मानले जाते. येथे थोडे अंकगणित करणे इष्ट. तेल लावलेल्या माणसास साधारण पंचवीस लिटर पाणी लागते. टाकीतले पाणी २२ अंशांचे धरा आणि अंगावर घ्यावयाचे ४० अंशांचे. प्रत्येक लिटर अठरा अंशांनी तापवावयाचे, म्हणजे माणशी ४५० किलोकॅलरी. विजेच्या हिशेबात अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक. घरोघरी असतो तो पंधरा लिटरचा गीझर दोन किलोवॅटचा. त्यास एका माणसाचे पाणी तापवावयास सोळा मिनिटे लागतात. नऊ माणसांस दोन तास चोवीस मिनिटे. आरंभी पेटी भरून तापलेली असल्याची वीस मिनिटे वजा केली, तरी दोन तास उरतातच. दिवाळीच्या सुमारास येथे सूर्य साडेसहाच्या आतबाहेर उगवतो. तेव्हा पहिला मनुष्य साडेचारास पाटावर बसला पाहिजे, आणि मध्ये कोणी गाणे म्हणत रेंगाळता कामा नये. हे गणित ज्या घरी आधी झालेले नसते, तेथे सातवा-आठवा मनुष्य गार पाण्याने न्हातो, आणि गीझर बिघडल्याचा समज होतो. वास्तविक तो बिचारा आपल्या शक्तीप्रमाणे अचूक काम करीत असतो.

बिघडतोही, नाही असे नाही. पण त्याचे कारण बहुधा आमच्या पाण्यात असते. पैठणच्या नाथसागराचे पाणी उपसून गावात येते खरे. परंतु गेली कित्येक वर्षे ते नळास दिवसांच्या अंतराने येत आले, आणि मधल्या दिवसांची गरज बोअरने किंवा टँकरने भागवण्याची आम्हां लोकांस सवय झाली. काळ्या पाषाणाच्या फटींतून आलेले बोअरचे पाणी जड असते. त्यात विरघळलेला चुना पाणी तापले की वेगळा होऊन जेथे उष्णता सर्वांत अधिक तेथेच, म्हणजे तापणाऱ्या कांडीवर, पुटे धरून बसतो. कांडीच्या अंगावर असा पांढरा अंगरखा चढला म्हणजे तिची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. ती आतल्या आत तापून जळते. म्हणून नवरात्र संपले की कारागीर बोलवावा, वीज बंद करून पेटी रिकामी करवावी, कांडी बाहेर काढून लिंबूसताच्या पाण्यात बुडवावी, आणि पेटीचे आतून गंजण्यापासून रक्षण करणारा मॅग्नेशियमचा दांडा झिजला असल्यास बदलावा. त्याच वेळी दाब वाढल्यास पाणी सोडणारी झडप मोकळी आहे की चुन्याने बसली आहे, तेही पाहून घ्यावे. पूर्वी चिंच बाहेरून लावीत, आता लिंबूसत आतून. आंबटावाचून ऊन पाण्याचे भागत नाही, एवढे खरे.

गच्चीवरच्या सूर्याच्या बंबाविषयी आम्हांस विशेष ममत्व आहे, कारण 'ऊन' ह्या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ त्याने एकत्र आणले. दोनशे लिटरची टाकी दिवसभरात साठ अंशांपर्यंत तापली, तर कागदावर सोळा स्नानांची सोय होते. परंतु कागद आणि गच्ची ह्यांत अंतर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य आमच्या बरोबर माथ्यावर असतो. नोव्हेंबरात तो दक्षिणेकडे पुष्कळ कलतो. त्यामुळे दक्षिणेच्या शेजाऱ्याने नव्याने चढवलेला मजला उन्हाळ्यात निरुपद्रवी वाटतो आणि दिवाळीत नळ्यांवर सावली टाकतो. पावसाळ्यानंतर काचांवर बसलेली धूळ पुसावी लागते. टाकीत पाणी संपून काचेच्या नळ्या कोरड्या तापल्या असतील तर भर दुपारी त्यांत गार पाणी सोडू नये, काच तडकते. ज्या गावात टँकर केव्हा येईल ते टँकरवाल्यासही ठाऊक नसते, तेथे ही सूचना महत्त्वाची. आणखी एक. सूर्याचे पाणी आदल्या दिवशी तापलेले असते. वरून ऊन पाणी घेतले की खालून गार पाणी टाकीत शिरते. तेव्हा पाहुणेमंडळींनी रात्री हौसेने ऊन पाण्याने हातपाय धुतले आणि कोणी त्याच पाण्यात तळणीच्या कढया घासल्या, तर पहाटेची पुंजी रात्रीच उधळली जाते. आमच्या घरी चतुर्दशीच्या आदल्या सायंकाळी सहानंतर गच्चीवरची चावी बंद करतात. गच्चीपासून खालच्या न्हाणीघरापर्यंत नळात साठलेले तीन-चार लिटर गार पाणी आधी येते. ते मोरीत न सोडता बादलीत धरावे. विसणास तेच उपयोगी पडते.

येथवर जे लिहिले त्यात चुकल्यास फार तर एखादा पाहुणा काकडेल. आता ज्याविषयी लिहावयाचे त्यात चुकल्यास पाहुणा उठणार नाही. विजेचा गीझर अपुरा पडतो म्हणून पुष्कळ घरी स्वयंपाकाच्या वायूवर चालणारा गीझर बसवतात. तो पाणी साठवीत नाही, वाहते पाणी तापवतो. त्यामुळे कितीही माणसे आली तरी अडत नाही. हा त्याचा गुण, आणि ह्यातच भय. वायू जळावयास हवा लागते. चार फूट बाय सहा फूट न्हाणीघरात दार बंद, खिडकी बंद, आणि आत ज्योत. अशा ठिकाणी हवा थोडी पडली की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या द्रव्यास प्राणवायू चिकटावयाचा, त्यास हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. डोके जड होते, पायांतले बळ जाते, आणि दाराची कडी काढण्याचे भान उरत नाही. हिवाळ्याच्या वर्तमानपत्रांतून अशा बातम्या वाचावयास मिळतात, आणि त्यांत बहुधा तरुण माणसे असतात.

बंबही विस्तवाचाच होता. मग तो असा घात का करीत नसे? कारण बंब मागच्या अंगणात किंवा वर उघड्या असलेल्या न्हाणीत असे, आणि त्याचा धूर डोळ्यांत जाऊन आपली वर्दी आपणच देई. आपण विस्तव आत आणला आणि धूर नाहीसा केला. त्यात सणाचे दिवस सर्वांत वाईट. एरवी जो गीझर दहा मिनिटे चालतो, तो पाहुण्यांच्या रांगेमुळे तासभर चालतो. आणि थंडी असल्यामुळे प्रत्येक जण आत गेला की पहिल्यांदा झरोका लावतो. आमच्याकडे आलेल्या एका वृद्ध आत्याबाईंनी झरोक्याच्या काचांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे. आमचा वायूचा गीझर मागील मोकळ्या गच्चीत, भिंतीच्या बाहेर आहे, म्हणून त्या बोळ्यांचे आम्हांस हसू आले. तो आत असता तर? त्यानंतर आम्ही त्या झरोक्याच्या वरच्या दोन काचा कायमच्या काढून टाकल्या. पाहुण्यांस थोडे वारे लागते, लागू द्यावे. वायूचा गीझर न्हाणीघराच्या आत असेल तर दिवाळीपूर्वी तो बाहेर हलवावा, आणि तेवढा अवधी नसेल तर त्या दिवाळीस तो बंदच ठेवून सरळ पातेल्यात पाणी तापवावे. फराळाचा एक पदार्थ कमी करून ह्या कामास वेळ द्यावा लागला, तरी चालेल. खोलीत कोळशाची शेगडी ठेवून, दारे लावून निजणाऱ्यांसही हेच लागू. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असे तेव्हा कौलांच्या फटींतून हवा येत असे. स्लॅबच्या घरास फटी नसतात.

राहिला प्रश्न क्रमाचा. बंबाच्या काळी आमच्या मातोश्री तीन वाजता उठत, बंब पेटवीत, आणि पाण्यास कढ येण्यापूर्वीच दोन तांबे अंगावर घेऊन स्वयंपाकघरात शिरत. कारण सर्वांस तेल लावावयाचे, ओवाळावयाचे, आणि देवापुढे फराळ ठेवावयाचा. ज्या हातांनी बंब पेटवला त्यांच्या वाट्यास बंबाचे ऊन पाणी आले, असे आमच्या स्मरणात नाही. गीझर आला, पण हा प्रघात काही त्याच्याबरोबर भंगारात गेला नाही. गेल्या दिवाळीस आम्ही वर दिलेल्या गणिताप्रमाणे नऊ जणांचे वेळापत्रक करून न्हाणीघराच्या दारावर लावले, तेव्हा सौभाग्यवतींनी ते वाचून आपले नाव पेन्सिलीने खोडले आणि म्हणाल्या, "माझे मध्येच उरकेन मी. सोळा मिनिटे जावईबापूंना वाढवून द्या, त्यांना सवय आहे लांब अंघोळीची." आम्ही ते नाव शाईने पुन्हा लिहिले, आणि सर्वांत वर, चार वाजून तीस मिनिटांपुढे लिहिले. तेल लावण्याचे काम त्या दिवशी मुलीने आणि जावयाने वाटून घेतले. जावयाचा हात जरा जड आहे, अशी धाकट्यांची तक्रार होती. सौभाग्यवती पूर्ण सोळा मिनिटांनी बाहेर आल्या. पहिला फटाका शेजारच्या मुलाने त्यांच्यासाठी उडवला नव्हता. पण वेळ तीच होती. नववा मनुष्य सहा वाजून छत्तीस मिनिटांनी पाटावर बसला. तो आम्हीच होतो. पाणी कढत होते, मात्र सूर्य उगवलेला होता.